पूर यायच्या आधीची जमात



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना लांबलचक प्रास्ताविकाचा तिटकारा होता, असं संयोजकांनी मला आधीच बजावलं आहे. तेव्हा थेट विषयाला येतो. ‘हवामानबदल आणि मुस्लिम समाज’ असं पत्रिकेवर छापून आल्यावर एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, “पावसाला कधीपासून जात-धर्म लागला?” लागला नाही, लागणारही नाही. पण पाऊस पडून गेल्यावर शाळेची चावी कुणाकडे असते, देग, म्हणजे सामुदायिक स्वयंपाकाचं मोठं पातेलं, कुणाच्या घरून येते, वर्गणीची वही कोण उघडतं आणि कुणाच्या शब्दावर पन्नास पोरं फावडी घेऊन निघतात, याला मात्र समाज लागतो. मी बोलणार आहे तो त्याबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मध्येच उठायचं आहे त्यांची पंचाईत नको. संकट कोसळल्यावर धावून जायला आमच्या जमाती, म्हणजे मोहल्ल्यांच्या पंचायती, कधी मागे नसतात. संकटाच्या आधीच्या कामाला मात्र त्या अजून हात लावत नाहीत. आणि त्या आधीच्या कामाची हत्यारं पिढ्यानपिढ्या त्यांच्याच घरात पडून आहेत.

हे कळंबोलीत बोलण्यात औचित्य आहे. आपण बसलो आहोत ती जमीन खाडीकाठची, खाजणाची. सिडकोने भराव टाकून तिच्यावर वसाहत उभी केली, शेजारी लोखंड बाजार आणला, पुढे द्रुतगती महामार्गाचं तोंड इथेच आलं. जमीन सखल असल्यामुळे नियोजनकारांनी धारण तलाव ठेवले. भरती असताना पावसाचं पाणी त्यांत साठवायचं, ओहोटी लागली की झडपेतून खाडीत सोडायचं. हिशेब उत्तम होता. पण नवी मुंबईतल्या या तलावांत वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, गाळावर खारफुटी उगवली, खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून गाळ काढायचा कसा हा पेच उभा राहिला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी कळंबोलीतल्या तळमजल्यांचं काय झालं, हे इथल्या जुन्या रहिवाशांना मी सांगण्याची गरज नाही. समुद्र वर येतो आहे, मुसळधार पाऊस आणखी मुसळधार होतो आहे आणि आपण भरतीच्या पातळीशी झटापट करत राहतो आहोत. हवामानबदलाची गोष्ट उत्तर ध्रुवावरच्या अस्वलापासून सुरू करण्याचं आपल्याला काही कारण नाही.

मुस्लिम आणि निसर्ग म्हटल्यावर मी सालिम अलींपासून सुरुवात करीन, असं काहींना वाटलं असेल. मोह होतो खरा. 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला बसून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचा छडा लावला, तो आपल्याच रायगड जिल्ह्यात. त्यांचे नातलग हुमायून अब्दुलाली यांनी वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाच्या 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्यासाठी जिवाचं रान केलं. गोव्याच्या रस्त्याला लागलात की कर्नाळा अभयारण्य लागतं, तिथे जाताना या मंडळींची आठवण ठेवायला हरकत नाही. पण ही मुंबईच्या सुखवस्तू घरांतली, आपापल्या छंदातून मोठी झालेली माणसं. त्यांच्या कर्तृत्वाचा दाखला देऊन ‘बघा, आमचा समाजही पर्यावरणवादी आहे’ असं म्हणणं म्हणजे गावात एक पोरगा डॉक्टर झाला म्हणून गावचा दवाखाना चालू आहे असं म्हणण्यासारखं आहे.

तसंच जाहीरनाम्यांचं. ऑगस्ट 2015 मध्ये, पॅरिस कराराच्या चार महिने आधी, इस्तंबूलला निरनिराळ्या देशांतले मुस्लिम विद्वान जमले आणि त्यांनी हवामानबदलावर एक जाहीरनामा काढला. श्रीमंत देशांनी आणि तेल उपसणाऱ्या देशांनी शतकाच्या मध्यापर्यंत कोळसा-तेल सोडावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तेल उपसणाऱ्या मुस्लिम राजवटींचं नाव न घेता त्यांचा कान धरला होता, हे धाडसच. 2023 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने जंगल जाळण्याला आणि बेलगाम तोडीला हराम ठरवणारा फतवा दिला. 2024 मध्ये नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेच्या वेळी ‘अल-मीज़ान’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीच्या छपरावर सौर पॅनल बसले, मोरोक्कोने सरकारी पैशातून मशिदींचे दिवे बदलले. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. मात्र रायगड जिल्ह्यातल्या मशिदींत जुम्याचे खुतबे, म्हणजे शुक्रवारची प्रवचनं, मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यांत इस्तंबूलचा उल्लेख माझ्या कानावर आलेला नाही. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मात्र त्याच मिंबरांवरून, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यांवरून, वर्गणीचं आवाहन झालं आणि ते एका दिवसात पोचलं. कागद कुठे पोचतो आणि हाक कुठे पोचते, यातलं अंतर ओळखून पुढे बोलायला हवं.

3 जून 2020. रमजान ईद होऊन आठवडा-दीड आठवडा झाला होता. टाळेबंदी होती, मशिदींत जमातीने नमाज बंद होती. दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा इथल्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सुपारीचं झाड उंच, सडसडीत, मूळ वरवरचं. एक पडलं की शेजारच्याला घेऊन पडतं. लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे त्या दुपारी नुसतं पीक गेलं नाही, घरातल्या पोरीच्या लग्नापर्यंतची बेगमी गेली. सरकारने बागायतीची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार केली, पण आमच्याकडे वाडी मोजतात गुंठ्यांत, ती चार भावांत वाटलेली, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव. हेक्टरच्या हिशेबाने हातात काय येणार?

या पट्ट्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांची एक खासियत आहे. पूर्वी इथला माणूस जहाजावर खलाशी म्हणून जाई, मुंबईच्या गोदीत जाई. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि तो कुवेत, कतार, सौदीला जाऊ लागला. गावातली दुमजली घरं, शाळांच्या इमारती, मशिदींचे मिनार आखाताच्या पैशातून उठले, म्हणजे शेवटी तेलातून उठले. ज्या इंधनाच्या धुराने समुद्र तापला, त्याच इंधनाच्या पगारातून बांधलेल्या घरांचे पत्रे तापलेल्या समुद्रावरून आलेल्या वादळाने उडवून नेले. एकेका वादळाचा दोष थेट तापमानवाढीवर टाकू नये, शास्त्रज्ञ सांगतात ते बरोबर आहे. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली वादळं बळावत चालली आहेत, हेही तेच सांगतात. मला यात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. बाप दोहामध्ये वातानुकूलित केबिन झाडतो आणि म्हसळ्यात त्याचं छप्पर उडतं, त्याला मी काय पापपुण्य शिकवणार? एवढंच म्हणतो की या प्रश्नातून आम्ही कोरडे बाहेर पडलो आहोत, असं आम्हाला म्हणता येणार नाही.

तर वादळानंतर जमाती उठल्या. कोकणी मुसलमानांची जमात ही फार जुनी व्यवस्था आहे. घरटी वर्गणी असते, सदर असतो, हिशेबाची वही असते, कब्रस्तानापासून लग्नाच्या भांड्यांपर्यंतचा कारभार जमात पाहते. वीज कित्येक आठवडे नव्हती, मोबाइलचे टॉवर पडले होते, आखातातल्या मुलांना दिवसेंदिवस घरी फोन लागत नव्हता. अशा वेळी पत्रे आणले गेले, रस्त्यावरची झाडं कापली गेली, जनरेटर लावून विहिरींचं पाणी चढवलं गेलं. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस पडला. सावित्रीचं पाणी महाडात आणि वाशिष्ठीचं चिपळुणात शिरलं. तळियेचा डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. महाड-चिपळुणात चिखल उपसायला महाराष्ट्रभरातून मंडळं, संघटना, गुरुद्वारे, मठ सगळे आले आणि त्यांत मोहल्ल्यांतली पोरंही होती. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. या भागात ते नवीनही नाही.

आता प्रश्न. निसर्गानंतर जमातीच्या वहीत पत्र्यांचा खर्च मांडला गेला. छप्पर वाऱ्यात टिकावं म्हणून ते कसं बांधायचं, हुक कुठे मारायचे, याचा खर्च मांडला गेला का? महाडच्या पुरानंतर अन्नाची पाकिटं मोजली गेली. मोहल्ल्यातली म्हातारी, आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या घरात आहेत आणि पाणी चढलं तर त्यांना कोण उचलणार, याची यादी पुढच्या मे महिन्यात झाली का? काही ठिकाणी झाली असेल. बहुतेक ठिकाणी नाही झाली, हे मी जमातीच्या बैठकांना बसलेला माणूस म्हणून सांगतो. मदत करताना पुण्य डोळ्यांना दिसतं. जे संकट टळलं, त्याचं पुण्य कुणाच्या वहीत मांडायचं, हे आम्हाला कळत नाही.

आमच्याकडे हे पूर्वी कळत होतं, म्हणून थोडं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊ या. मलिक अंबर हा हबशी वंशाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. 1610 च्या सुमारास त्याने खडकी वसवली आणि काही वर्षांतच शहरासाठी नहर खणली, नहर-ए-अंबरी. डोंगरपायथ्याला जमिनीत मुरलेलं पाणी भूमिगत दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. मध्ये मध्ये हवेसाठी आणि सफाईसाठी उभी भुयारं ठेवली. पंप नाही, इंधन नाही. पाणी जमिनीखालून येत असल्याने उन्हाने आटत नाही. दुष्काळी मुलखात हे शहाणपण कुठल्याही काळात लागू आहे. पुढे त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. त्यांतली एक पाणचक्कीची.

पाणचक्की पाहायला शाळेच्या सहलीत तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. चक्की पाहून येतो आपण, खालचं दालन पाहत नाही. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी सूफी, त्यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात हे काम पुरं झालं. पाणी काही किलोमीटरवरून मातीच्या नळांतून येतं, एका उंच भिंतीत चढतं, वरून धबधब्यासारखं पडतं, त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, वाटसरूंचं, विद्यार्थ्यांचं पीठ दळलं जायचं. पडलेलं पाणी मशिदीसमोरच्या लांबरुंद हौजात जमतं. आणि या हौजाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी, खाली माणसं. मराठवाड्याच्या मे महिन्यातसुद्धा त्या दालनात पाऊल टाकलं की अंगावरचं ऊन उतरतं. एकाच पाण्याने दळण झालं, वजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड-पाय धुणं, झाला आणि मुक्कामाची खोली गार झाली. आज आपण ज्याला उष्णता कृती आराखडा म्हणतो, त्यात थंड आसऱ्याच्या जागा असाव्यात असं लिहिलेलं असतं. ती जागा एका दर्ग्याने तीनएकशे वर्षांपूर्वी बांधून ठेवली आहे.

आणि महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय कुठे आहे? पाणचक्कीच्याच आवारात. वक्फचा कायदा 1995 चा, 2025 मध्ये त्यात मोठा बदल झाला, त्यावर रस्त्यावर आणि कोर्टात भांडणं झाली. ती भांडणं महत्त्वाची आहेत, मालकी कुणाची हा प्रश्न लहान नाही. पण दोन्हीकडच्या भाषणांत मी एकच गोष्ट शोधत होतो: वक्फच्या जमिनीवरच्या विहिरी, बारव, हौज, नहरी यांचं पुढे काय करणार? त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे नहरींवर घरं चढली आणि मंडळाचे अधिकारी त्याच हौजाशेजारी बसून फायली तपासत राहिले.

आता तिथून परत आपल्या वजूखान्यात येऊ. मला आज सगळ्यांत जास्त वेळ इथेच थांबायचं आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद तुम्ही पाहिली असेल. ती 1802 मध्ये पुरी झाली, एका जुन्या तलावावर. तलाव बुजवला नाही. पाण्यातून काळ्या दगडाच्या कमानी वर काढल्या आणि त्यांवर मशीद उभी केली. झऱ्याचं पाणी, त्यात मासे, कासवं आणि काठावर बसून वजू करणारे नमाजी. हनफी शास्त्रात साचलेल्या पाण्याचा हौज दहा हात लांब, दहा हात रुंद असावा असा दंडक आहे, कारण तेवढं पाणी सहज नापाक होत नाही. आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे दोन कुल्ले, म्हणजे साधारण दोनशे लिटरचं माप. मापं वेगळी, पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. हौजावर बसलेला माणूस ओंजळीने पाणी घेतो. जेवढं लागतं तेवढंच उचलतो, कारण उचलावं लागतं.

साठ-सत्तर वर्षांत हौज गेले आणि नळ आले. स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरंच झालं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण कुठल्याही मशिदीत नळाखाली एक बादली ठेवून बघा. नमाजी बसतो, नळ सोडतो, मग बाह्या वर करतो. तोंड धुताना पाणी चालू, डोक्यावर ओला हात फिरवताना पाणी चालू, शेजाऱ्याची खुशाली विचारताना पाणी चालू. साधा नळ मिनिटाला सहा लिटर सोडतो असं धरा आणि वजूला दीड मिनिट. नऊ लिटर झाले. जुम्याला चारशे माणसं आली तर 3600 लिटर, तेवढ्या एका दुपारी. आणि पैगंबरसाहेबांबद्दल हदीसमध्ये नोंद आहे की ते एक मुद्द पाण्यात, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, वजू करत. वाहत्या नदीच्या काठी बसलेल्या सहाबींनाही, म्हणजे सोबत्यांनाही, त्यांनी उधळपट्टीबद्दल टोकलं होतं. ही हदीस मदरशातल्या पोराला पाठ असते. फक्त ती नळाला लावायची राहून गेली आहे. अर्ध्यावर थांबणाऱ्या तोटीची किंमत शे-दोनशे रुपये.

दुसरी गोष्ट, वजूचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. त्यात साबण नाही, तेल नाही. ते थेट गटारात जातं, कारण प्लंबरला दुसरं कुणी काही सांगितलेलं नसतं. नव्या मशिदीचं बांधकाम चालू असताना एक वेगळा पाइप टाकला तर ते शौचालयाच्या फ्लशला, झाडांना वापरता येतं. इथे काही मंडळी फिकह, म्हणजे धर्मशास्त्राचे नियम, काढतील, वापरलेलं पाणी चालेल का म्हणून. पुन्हा वजूला वापरा असं मी म्हणतच नाही, पण तेही माहीत असावं म्हणून सांगतो: प्रक्रिया करून शुद्ध झालेलं सांडपाणी वजूलासुद्धा चालतं, असा निर्णय सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमांच्या परिषदेने 1978 मध्येच दिला आहे. फ्लशला कुठल्या फतव्याची गरज?

तिसरी गोष्ट छपराची. पनवेल परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे साडेपाच लाख लिटर होतात. गळती-सांडणी वजा जाता चार लाख धरा. मात्र पर्जन्यजल म्हटलं की आपल्याकडे लगेच शोषखड्डा खणायला घेतात, त्याबद्दल कळंबोलीकरांना सावध करतो. भरावाच्या जमिनीत हातभर खाली मचूळ पाणी लागतं, तिथे गोडं पाणी मुरवून काय हाताला येणार? इथे टाकी हवी. टाकी उन्हाळ्यापर्यंत पुरणार नाही, हे मान्य. पण पावसाळ्याचे चार महिने मशिदीने महापालिकेचं पाणी वजूला घेतलं नाही, तर तेवढं पाणी दुसऱ्या कुणाच्या नळाला येईल. शिवाय जोराच्या सरीत छपरांचं पाणी टाकीत अडकलं की रस्त्यावर तेवढं कमी येतं. भरतीच्या वेळी तर हा घासाघिशीचा हिशेब फार मोलाचा. हे देवळांना, शाळांना, सोसायट्यांनाही लागू आहे. पण मी आज आमच्या घरातलं बोलतो आहे, तुमचं तुम्ही बोला.

लोखंड बाजाराच्या गावात येऊन भंगाराबद्दल बोललो नाही तर बाजार मला माफ करणार नाही. दारूखान्याला जहाज तोडणारा, कुर्ल्याच्या गल्लीत मोटारीचे सुटे भाग सोडवणारा, मालेगावात जुनं प्लास्टिक वितळवून पाइप करणारा, इथे यार्डात गॅसकटर घेऊन उकिडवा बसलेला, यांत मुस्लिम कामगार-कारागीर मोठ्या संख्येने आहेत. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवलं होतं की सरकारी नोकरीत जागा नसलेला हा समाज स्वयंरोजगार, वाहतूक आणि दुरुस्तीच्या कामांत दाटलेला आहे. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाप्रमाणे एक टन भंगार पुन्हा वितळवलं की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, 1.4 टन खनिज आणि 740 किलो कोळसा वाचतो. जालन्याच्या भट्ट्यांत सळई होते ती बहुतांशी याच मालातून. म्हणजे इस्तंबूलच्या जाहीरनाम्यात नाव नसलेला, हवामानबदल हा शब्दही कधी न उच्चारणारा भंगारवाला आपल्यातल्या बहुतेक भाषणबाजांपेक्षा जास्त कार्बन वाचवतो. त्याला या कामाचा मान तर नाहीच, पण त्याला गॉगल नाही, हातमोजे नाहीत, जळलेल्या रंगाचा धूर त्याच्या छातीत जातो. त्याचं कौतुक करून हात झटकणं मला मंजूर नाही. जमातीच्या बैतुलमालमधून, म्हणजे सामाईक निधीतून, जकातीतून दरवर्षी धान्य वाटलं जातं. धूर गाळणारा मास्क आणि वर्षाकाठी एकदा छातीची तपासणी याला जकात लागू होत नाही असं कुणी म्हणत असेल, तर मला त्या मौलवीसाहेबांशी बोलायचं आहे.

आता याच कामगाराच्या रोज्याबद्दल. 16 एप्रिल 2023 ला इथून हाकेच्या अंतरावर खारघरला, भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 माणसं गेली. तो रमजानचा महिना होता. चांद्र महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मधल्या काळात रमजान हिवाळ्यात जाईल, आम्हाला बरं वाटेल आणि आम्ही विसरून जाऊ. 2050 च्या आसपास तो पुन्हा मे महिन्यात येईल. आज मकतबमध्ये अलिफ-बे शिकणारी पोरं तेव्हा तिशी-पस्तिशीत, ऐन कष्टाच्या वयात असतील आणि तेव्हाचा मे आजच्यापेक्षा तापलेला असेल. जिवाला धोका असेल तर रोजा सोडायची मुभा शरियतमध्ये आहेच. पण कटरसमोर बसलेला पोरगा ती मुभा स्वतः होऊन घेत नाही, लाजतो. ती इमामाने मिंबरावरून, नाव न घेता पण स्पष्ट शब्दांत द्यायला हवी, आणि मालकाने रमजानमध्ये कामाची वेळ पहाटेकडे सरकवायला हवी. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्याच आकड्याप्रमाणे 1301 यात्रेकरू दगावले. अल्लाहच्या घराच्या अंगणातही ऊन कुणाला सोडत नाही.

कुर्बानीवर बोला, अशी चिठ्ठी समोर आली आहे. थोडक्यात बोलतो. वर्षातून एकदाच्या बोकडावरून हवामानाचा निकाल लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी आधी विमानप्रवास मोजावा. बोकड पाळणारा धनगर आणि शेतमजूर त्या बाजारावर घर चालवतो, हेही ध्यानात घ्यावं. मात्र आमच्या बाजूचा एक दोष मला झाकायचा नाही. पूर्वी कुर्बानीची कातडी मदरशांना जायची, त्यातून त्यांचा खर्च निघायचा. कातड्याचे भाव पडल्यापासून ती कित्येक ठिकाणी नाल्यात, कचऱ्यात जाते. ईद पावसाळ्यात आली तर तेच नाले तुंबतात. मोहल्ल्याने एक गाडी ठरवून सगळं उचलून नेणं ही काही इज्तिहादची, म्हणजे नव्याने धर्मनिर्णय काढायची, गोष्ट नाही.

शेवटचा मुद्दा आणि तो जमातीच्या पुढाऱ्यांना रुचणार नाही. घरात पाणी कोण भरतं? पूर आल्यावर धान्याचा डबा, कागदपत्रं आणि पोरं माळ्यावर कोण चढवतं? म्हातारी सासू कुठल्या खोलीत झोपते, हे कुणाला माहीत असतं? बाईला. आणि जमातीच्या बैठकीत बाई कुठे असते? कुठेच नसते. मशिदीत तिने नमाजला यावं की नाही यावर आमचे वाद चालू राहोत, पण पाण्याची, पुराची, उन्हाची समिती मशिदीच्या आत बसायची गरज नाही, ती शाळेच्या खोलीत बसू शकते. त्या समितीत निम्म्या बायका नसतील, तर घराघरातली माहिती वहीत उतरणार नाही आणि यादी पुन्हा देगा मोजण्यापुरतीच राहील. आमच्या गावी मी हे एकदा बैठकीत बोललो, तर एक ज्येष्ठ म्हणाले, “मास्तर, आधी तुमच्या घरच्यांना विचारा, त्या येतील का?” घरी विचारलं. उत्तर आलं, “बोलावणं आलं तर येऊ की. पण बैठक रात्री नऊला ठेवू नका, तेव्हा भाकऱ्या असतात.”

माझा वेळ संपला आहे. आता प्रश्न घेऊ या, आधी बायकांच्या बाजूने.